चंबू, गडवा आणि ओंजळ

माझ्या वहीतला 'गडवा' लाल शाईने खोडला गेला तेव्हा मी आठवीत होतो. विज्ञानाच्या प्रयोगाची कृती लिहायची होती. काचेचे गोल बुडाचे, अरुंद तोंडाचे भांडे. त्यात पाणी घ्यायचे आणि खाली दिवा लावायचा. मी लिहिले, 'प्रथम काचेच्या गडव्यात पाणी घेतले.' गुरुजींनी 'गडव्या'वर आडवी रेघ मारली, वर 'चंबू' असा शब्द लिहिला आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की गडवा ही भाषा नव्हे, ही बोली; आणि तीही झाडीतली. वर्ग हसला. मीही हसलो, कारण न हसण्याची किंमत मला ठाऊक होती.

त्याच शाळेत मधल्या सुटीत पाण्याच्या रांजणाला हात लावण्याची आम्हांला मुभा नव्हती. वरच्या आळीतला एखादा मुलगा वरून पाणी ओतायचा आणि आम्ही खाली वाकून ओंजळ धरायचो. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. अस्पृश्यता (गुन्हे) कायदाही १९५५ मध्येच झाला होता. शाळेचे नाव सांगण्यात हशील नाही, तशा शाळा तेव्हा गावोगाव होत्या. सांगायचे ते एवढेच, की तासाभरापूर्वी ज्या हातात सरकारी काचेचा चंबू बिनदिक्कत दिला गेला होता, तोच हात रांजणापाशी आला की बाटवणारा ठरत होता. चंबू माझ्या हाताने बाटत नव्हता. रांजणावरचा गडवा मात्र बाटत होता.

पुढे कितीतरी वर्षे 'चंबू' हा शब्द मला परका आणि वरच्या लोकांचा वाटत राहिला. पुण्याच्या पुस्तकातून आलेला, धुतल्या कपड्यांतला शब्द. आपला गडवा गावंढळ, त्यांचा चंबू शुद्ध, अशी एक गाठ मनात बसली ती बसलीच. ती सुटली कशी आणि सुटताना तिने कोणता इतिहास उघडा केला, ते या लेखात सांगायचे आहे. शब्दाचा इतिहास हा पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, त्यांना तो भांड्याकुंड्यांत आणि त्यांच्या नावांतच शोधावा लागतो.

१

नोकरीच्या निमित्ताने सिरोंच्याला राहण्याचा योग आला. जुन्या चांदा जिल्ह्याचे हे दक्षिण टोक. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेले. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडचा काठ त्या वेळी आंध्र प्रदेशात होता, आज तो तेलंगणात आहे. अलीकडच्या काठावरही कितीतरी घरांत तेलुगूच बोलली जाते. सरकारी कागदांत मराठी, बाजारात दोन्ही, आणि रानात गोंडी व माडिया असा तिथला भाषेचा व्यवहार.

पहिल्याच उन्हाळ्यात मादगी समाजातल्या एका घरी गेलो. घरच्या म्हातारीने पाणी पुढे केले आणि नातवाला सांगितले, की सरांना 'चेंबु' भरून दे. मी दचकलो. शब्द माझ्या पाठ्यपुस्तकातला, पण बोलणारी बाई निरक्षर, आणि समाजाच्या उतरंडीत माझ्याच पायरीवरची. तिच्या तोंडात तो शब्द पुस्तकातून आलेला नव्हता. तो तिच्या घरचा होता. तेलुगूत पाण्याच्या लहान धातूच्या भांड्याला चेंबु म्हणतात. कन्नडात चेंबु किंवा चोंबु, तमिळमध्ये सेंबु.

भाषाशास्त्राचे उत्तर सरळ आहे. बरो आणि एमेनो या दोघा विद्वानांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये सिद्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये निघाली. त्यात हे सगळे शब्द एकाच कुळात बसवलेले आहेत. त्या कुळाचा मूळ अर्थ 'लाल'. कन्नडात केंपु म्हणजे लाल रंग. तमिळमध्ये सेंबु म्हणजे तांबे, लाल धातू, आणि मग त्या धातूचे भांडे. हाच शब्द दक्षिणेकडून मराठीत येऊन चंबू झाला. मराठीला ही देवघेव नवी नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्दही आपल्याला कन्नडाच्या शेजारानेच दिले.

आता गंमत पाहा. मराठीत चंबूच्या शेजारी तांब्या बसलेला आहे. तांब्या हा तांब्याचा, म्हणजे संस्कृत 'ताम्र' या शब्दाचा वंशज. दोन वेगळ्या भाषाकुळांनी दोन भांड्यांना नाव देताना एकच गोष्ट केली: भांड्याला त्याच्या धातूचे नाव दिले. घाट वेगळा, पण अर्थ एकच. पुढे पितळेचा तांब्या आला, स्टीलचा आला, काचेचा चंबू प्रयोगशाळेत आला. धातू गेला, नाव राहिले.

आणि माझा गावंढळ गडवा? मराठीतला गडू आणि आमचा गडवा यांचा नातेवाईक संस्कृत कोशात सापडतो. 'गडुक' म्हणजे पाण्याचे भांडे. म्हणजे गुरुजींनी ज्याला रानटी म्हणून खोडले, त्याची सोयरीक त्यांच्याच देववाणीशी निघाली. आणि शुद्ध म्हणून जे वर लिहिले, ते द्राविडांच्या घरून आलेले निघाले. हे कळल्यावर मला क्षणभर सूड उगवल्याचा आनंद झाला, तो लपवत नाही. पण तो आनंद टिकला नाही, टिकूही नये. गडवा संस्कृताचा आहे म्हणून तो प्रतिष्ठित, असे मी म्हणू लागलो तर मी गुरुजींच्याच बाकावर जाऊन बसलो असे होईल. शब्द शुद्ध की अशुद्ध हे त्याच्या कुळावरून ठरत नाही. तो कोणाच्या तोंडात आहे यावरून ठरवले जाते. माणसाचेही आपल्याकडे तसेच झाले.

२

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. चंबू म्हणजे तांब्याचे भांडे, तांब्या म्हणजेही तांब्याचेच भांडे. मग ज्या माणसांना तांब्या-पितळेचे भांडे वापरायचीच बंदी होती, त्यांच्या तोंडी हे शब्द कसे असावेत?

ही बंदी काल्पनिक नाही. बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे ग्रंथरूपाने निघालेल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची हकिकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या अस्पृश्य घरांतल्या स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. विहीर बाटवली हा आरोप नव्हता. भांडे धातूचे होते, हाच अपराध.

चेंबूच्या मूळ मुलखातही हेच. मद्रास इलाख्यातल्या रामनाड जिल्ह्यात १९३० आणि १९३१ या सालांत कळ्ळर जातीच्या लोकांनी तिथल्या अस्पृश्यांवर निर्बंधांच्या याद्याच लादल्या. हटन यांच्या जातिव्यवस्थेवरील ग्रंथात त्या नोंदलेल्या आहेत. त्यांत दागिन्यांवर बंदी होती, कपड्यांवर बंदी होती, आणि बायकांनी पाणी मातीच्याच भांड्यांतून आणावे, तांब्या-पितळेच्या नव्हे, असेही एक कलम होते. ज्या भाषेत भांड्याचे नावच 'तांबे' आहे, त्या भाषेच्या मुलखात माणसाला तांबे नाकारले गेले. शब्द दिला, वस्तू दिली नाही.

महाराष्ट्राने तर भांड्याचा उपयोगच उलटा केला. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितले आहे. जगातले प्रत्येक भांडे माणसाने आपल्या सोयीसाठी केले. पाणी त्यात राहावे, तहानेला उपयोगी पडावे म्हणून. हे एकच भांडे असे, की ते माणसाने घेतलेले नव्हते, माणसाला लावलेले होते. आणि त्यात राहायची ती त्याचीच थुंकी. आमचा चांदा मुलूख तेव्हा पुण्याच्या नव्हे, आधी गोंड राजांच्या आणि १७५१ नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पण म्हणून इथली विहीर आम्हांला मोकळी होती असे कुणी समजू नये.

३

ही बंदी पावित्र्यासाठी होती असे सांगितले जाते. ते धर्मशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. तांबे, पितळ, कासे अशा धातूंची भांडी राख, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी शुद्ध होतात. मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते, आणि थुंकी, रक्त, मद्य असे काही लागले तर भाजूनही शुद्ध होत नाही. आपल्या घरांतही हाच व्यवहार दिसे: तांब्या बाटला तर चिंच लावून घासायचा, मडके बाटले तर फोडायचे.

मग तर्काने काय व्हायला हवे होते? विटाळाची एवढीच भीती असती, तर अस्पृश्याला सक्तीने धातूची भांडी वापरायला लावायला हवी होती, कारण तीच घासून शुद्ध करता येतात. झाले उलटे. जे भांडे विटाळ धरून ठेवते ते आम्हांला दिले आणि जे विटाळ टाकते ते नाकारले. याच स्मृतीचा दहावा अध्याय चांडाळ आणि श्वपच यांना गावाबाहेर राहायला, फुटक्या भांड्यांत जेवायला आणि लोखंडाचे दागिने घालायला सांगतो. भांडे फुटके असावे यात कसले पावित्र्य? तिथे शुद्धीचा विचार नाही, मालकीचा आहे.

धातूचे भांडे ही नुसती वस्तू नसते, ती ठेव असते. पितळेचा गुंड अडल्या वेळी सावकाराकडे गहाण पडतो. मोडीत घातला तरी वजनाचे पैसे येतात. लेकीच्या लग्नात दिला तर तिच्यासोबत जातो आणि तिच्या मुलीपर्यंत पोचतो. मडके गहाण कोण ठेवून घेईल? ते फुटले की खापर. ज्याच्या घरात धातू नाही, त्याच्या घरात कालचे काहीच शिल्लक नसते. दरवर्षी तो नव्याने गरीब होतो. तेव्हा धातूच्या भांड्यावरची बंदी ही वरवर सोवळ्याची, पण मुळात साठवणीवरची बंदी होती. आमच्या आज्या-पणज्यांना पाणी तर साठवू दिले नाहीच, पण चार पैसेही ज्यात साठतील असे भांडे त्यांच्या हाती लागू दिले नाही.

मराठीत 'चंबूगबाळे आवरणे' असा वाक्प्रचार आहे. जागा सोडून निघणाऱ्याचा किरकोळ संसार म्हणजे चंबूगबाळे. बोलणारा ते तुच्छतेने बोलतो. पण दुष्काळात गाव सोडून नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे किंवा बल्लारपूरच्या कोळसा खाणीकडे पायी निघालेली माझी माणसे मी डोळ्यांसमोर आणतो, तेव्हा त्यांच्या पाठीवर गबाळे दिसते, चंबू दिसत नाही. मातीची भांडी दूरच्या वाटेवर नेता येत नाहीत. ती मागे ठेवावी लागतात. किरकोळ संसार म्हणून भाषा ज्याची चेष्टा करते, तेवढाही आमच्यापाशी नव्हता.

४

या जिल्ह्यांत एक तिसरे भांडे आहे, त्याची नोंद केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. ते म्हणजे तुंबा. दुधीच्या जातीचा भोपळा वेलावर पक्का होऊ द्यायचा, सुकवायचा, आतला गर आणि बिया काढून टाकायच्या, तोंडाला पानांचा बोळा लावायचा. गोंड-माडिया माणूस रानात निघाला की तुंबा त्याच्या खांद्याला असे. पाणी गार राहते. आंबील, पेज, ताडी काहीही त्यात जाते. चंबूचाच घाट, पोट मोठे आणि तोंड अरुंद. पण याला तांबट लागत नाही, कासार लागत नाही, कुंभारही लागत नाही. म्हणजे जातीची एकही पायरी न चढता पाणी प्यायची सोय.

मी याचे गोडवे गाणार नाही. तुंबा हे दारिद्र्याचेही भांडे आहे आणि ज्या पोरांच्या हाती आज तुंबा आहे त्यांच्या हाती नळ असावा असेच मला वाटते. त्यांच्याच एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे; ते ट्रक भरभरून बाहेर जाते, आणि पाण्यासाठी बाया अजून झऱ्यावर जातात. पण मराठीने तुंब्याचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. 'आपली तुंबडी भरणे' म्हणजे स्वतःचा स्वार्थ साधणे. ज्याच्या तुंब्यात एका वेळच्या तहानेपुरते पाणी मावते त्याच्या भांड्यावरून लोभाला नाव पडले, आणि ज्यांचे रांजण भरून वाहत होते त्यांच्यावरून नाही.

५

१९५६ नंतर मला या सगळ्याचा दुसरा अर्थ लागला, आणि तो बुद्धाच्या विनयात मिळाला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षापात्राविषयी नियम आहेत. पिंडोल भारद्वाजाने चंदनाच्या पात्रासाठी चमत्कार करून दाखवला, तेव्हा बुद्धाने त्याची कानउघाडणी केली आणि लाकडी पात्र बंद केले. पुढे सोन्याचे, रुप्याचे, काशाचे, तांब्याचे अशी सारी मौल्यवान पात्रे बंद केली आणि दोनच पात्रांना परवानगी दिली: लोखंडाचे आणि मातीचे.

लोखंड आणि माती! मनूने चांडाळाला जी लोखंडाची खूण आणि मातीची फुटकी भांडी नेमून दिली, तेच दोन पदार्थ बुद्धाने संघासाठी निवडले. पण दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मनूचे मातीचे भांडे एकाच्या हाती दिले आणि सोन्याचे दुसऱ्याच्या हाती राहिले. बुद्धाचे मातीचे पात्र शाक्य राजपुत्राच्याही हाती तेच, उपाली न्हाव्याच्याही हाती तेच आणि रस्ते झाडणाऱ्या सुनीताच्याही हाती तेच. एक लादलेली वंचना, दुसरा स्वीकारलेला त्याग. ज्याला तांबे मिळूच दिले नाही, त्याने तांब्याचा त्याग केला असे म्हणता येत नाही. आम्हांला साधेपणाचे धडे देणाऱ्या सज्जनांनी हा भेद ध्यानात ठेवावा. त्याग करायलाही आधी हातात काही असावे लागते.

आपल्याच विदर्भातल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे अंगाने करून दाखवले. फुटके गाडगे त्यांना कुणी नेमून दिले नव्हते. त्यांनी ते उचलले, त्यात भाकर खाल्ली, आणि लोकांनी त्या गाडग्यालाच त्यांचे नाव केले. शिक्षा म्हणून दिलेले भांडे त्यांनी गुरूच्या हातातले केले. पण तेच गाडगेबाबा लोकांना मुलांना शिकवा म्हणून सांगत राहिले, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपले गाडगे त्यांनी कुणावर लादले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब आमच्या चांद्याला आले. १६ ऑक्टोबरला इथे दीक्षा झाली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे हे गाव. माझी आजी वस्तीतल्या बायांसोबत पायी आली होती. त्या दिवसाचे ती फार सांगत नसे, एकच सांगे. "बाबासायबाचं मी काई आयकलं नाई बापा, गर्दीच लय होती. पन पानी पेलो. कोनी ओतून नाई देल्लं, आमीच घेतलं." तिच्या धम्मदीक्षेचा अर्थ तिने एवढ्यातच सांगून टाकला होता.

त्यानंतर आमच्या घरात धातू आला तो तांब्याचा नव्हे, अॅल्युमिनियमचा. त्याला आमच्याकडे 'जर्मन' म्हणतात. जर्मनचा गंज, जर्मनचा गडवा. त्या धातूला स्मृतीत जागा नव्हती, त्याची शुद्धी-अशुद्धी कुणी लिहून ठेवली नव्हती, म्हणूनच तो आमच्या दारात निर्धास्त आला. मग स्टील आले. लग्नात मिळालेल्या गडव्यावर भांडेवाल्याकडून नाव टाकून घ्यायची रीत आहे. आजीच्या गडव्यावर तिचे नाव आहे आणि नावाच्या आधी 'जयभीम' आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईचे नाव जगात दोनच ठिकाणी कोरले गेले: मतदारयादीत आणि त्या गडव्यावर.

६

एक भांडे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते धातूचे नाही, मातीचे नाही, वेलाचे नाही. ते म्हणजे ओंजळ, संस्कृत 'अंजलि'. देवापुढे धरली की तिला अर्घ्य म्हणतात, आणि रांजणापुढे आम्ही धरली की तिला पायरी म्हणत. ओंजळीत पाणी फार राहत नाही. बोटांतून गळते. तहान भागायच्या आत ओतणाऱ्याला कंटाळा येतो. दुसऱ्याच्या मर्जीवर प्यायचे असेल तर ओंजळीइतके तोकडे भांडे नाही.

पण २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतले ते याच ओंजळीने. वरून कुणी ओतत नव्हते. ते खाली तळ्यापाशी गेले आणि त्यांनी हात पाण्यात घातले. ओंजळ तीच, दिशा बदलली. तोवर ती वर पसरलेली होती, त्या दिवशी ती खाली गेली. शब्दकोशात या फरकासाठी वेगळा शब्द नाही. आमच्या इतिहासात मात्र तो फरक म्हणजेच सारे काही आहे.

माझी ती वही आता नाही. असती तर गुरुजींनी लिहिलेला 'चंबू' मी खोडला नसता. तो शब्द सिरोंच्याच्या त्या म्हातारीचाही आहे. त्यांनी मारलेल्या रेघेखालचा 'गडवा' तेवढा पुन्हा लिहिला असता. दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहू शकतात. एकाच पाणवठ्यावर दोन भांडी बुडतात, तसे.